रेषेबाहेरचा कोपरा

मोरेश्वर : ऐकलंस? गाळलं. चौऱ्याण्णवपर्यंत आला आणि तिथून एकदम सत्त्याण्णववर उडी.

सुवर्णा : कोण?

मोरेश्वर : तो स्पीकरवरचा. मघापासून स्टेडियमचा इतिहास सांगतोय ना. मंदीच्या काळात बेकारांना काम म्हणून बांधलं, ते सांगितलं. कुठल्या शाळेने कुणाला कसं लोळवलं, ते सांगितलं. वादळात प्रेस बॉक्सचं छप्पर उडून नदीत पडलं, तेही सांगितलं. पण कॅनडाच्या फुटबॉल लीगने इथे अमेरिकेत टीम आणली, तिच्यासाठी अख्खं मैदान तोडून मोठं केलं, त्यावर एक अक्षर नाही. मग मी काय इथे स्वप्नात खपत होतो?

सुवर्णा : एकच सीझन तर टिकली ती टीम. विसरले असतील. हळू बोला, पुढची बाई वळून बघतेय.

मोरेश्वर : बघू दे. तिच्या बापाला तरी आठवत असेल.

सुवर्णा : मला त्या इतिहासाशी काही करायचं नाही. ती केशरी जाळी दिसतेय ना, ती आपल्याच कोपऱ्याला लावलीय का?

मोरेश्वर : हो.

सुवर्णा : मग आत कसं जायचं?

मोरेश्वर : जायचंच नाही. आजचा निरोपाचा कार्यक्रम म्हणजे रांगेत उभं राहायचं, एक जुनी खुर्ची नाहीतर फावडंभर गवत घ्यायचं, फोटो काढायचा आणि घरी जायचं. गवत मैदानातलं. आपला कोपरा मैदानात नाही.

सुवर्णा : होता.

मोरेश्वर : होता, बाई. कॅनेडियन मैदान चहूबाजूंनी मोठं. गोलच्या रेषेमागेच वीस यार्ड मोकळे लागतात. अमेरिकन खेळाला दहा पुरतात. टीम गाशा गुंडाळून गेली, यांनी मैदान परत आखडलं आणि उरलेल्या जागेवर तो पळायचा लाल ट्रॅक टाकला. त्यामुळे आपला कोपरा रेषेबाहेर गेला. ट्रॅकच्या खाली.

सुवर्णा : मला शिकवू नका. मी तिथे दुधाचे थेंब घातलेत.

मोरेश्वर : हो. घातलेस.

सुवर्णा : मला मूठभर माती पाहिजे. खुर्ची नको, गवत नको. सोमवारपासून इथे मशिनं लागणार. त्याच आठवड्यात आपलं सामान लेकीकडे हर्नडनला जाणार. मग रुहीच्या बेसमेंटमध्ये बसून मी कुणाला सांगू, की माझं एक तिकडे राहिलंय?

मोरेश्वर : तीस वर्षं झाली, सुवर्णा. पाचव्या महिन्यातला जीव तो. त्याची आता मातीच झाली असणार.

सुवर्णा : तीच तर पाहिजे.

मोरेश्वर : त्या पिशवीत काय आहे?

सुवर्णा : डबा. बेसनाच्या लाडवांचा. लाडू प्लास्टिकच्या पिशवीत काढले आणि डबा घासून आणला.

मोरेश्वर : म्हणजे तू ठरवूनच आलीस.

सुवर्णा : तुम्ही नव्हतं ठरवलं? मग सकाळपासून तीनदा शर्ट का बदललात?

मोरेश्वर : उकडत होतं म्हणून.

सुवर्णा : एक करा. ते सगळं पुन्हा सांगा मला. कसं झालं ते.

मोरेश्वर : आता? इथे? तुला ठाऊक आहे सगळं.

सुवर्णा : ठाऊक आहे तरी सांगा. समोर जागा आहे तोवर सांगा. हर्नडनला कुठे बघून सांगणार?

मोरेश्वर : काय सांगू? हॉस्पिटलमधल्या नर्सने विचारलं, तुम्ही घेऊन जाणार की आम्ही व्यवस्था करू? तू म्हणालीस, घेऊन जाऊ. तिने पांढऱ्या खोक्यात घालून दिलं. वर रिबीन बांधली होती. कशाला बांधली होती देव जाणे. मी पुण्याला आईला फोन लावला. फोनकार्ड संपत आलेलं. ती आधी रडली. मग म्हणाली, एवढ्याशा जिवाला अग्नी देत नाहीत रे, पुरतात. आणि लाइन कट झाली.

सुवर्णा : मग?

मोरेश्वर : मग काय. पुरायचं तर कुठे? आपण तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. आपल्याकडे साधी कुंडी नव्हती. पार्कात गेलो, तिथे पाटी होती की खणू नये. दफनभूमीतल्या म्हाताऱ्याने अगदी मायेने विचारलं, तुम्ही कुठल्या चर्चचे? थँक यू म्हणून परत आलो.

सुवर्णा : खोकं माझ्या मांडीवर होतं.

मोरेश्वर : हो. तू गाडीत बसून होतीस. आणि मी इथे साइटवर ज्युनिअर इंजिनिअर. स्टँडचा तो कोपरा तोडून आम्ही भराव घातला होता, मागचे वीस यार्ड भरून काढायला. सोमवारी वर गवताच्या गुंडाळ्या पसरायच्या होत्या. रविवारी काम बंद. गेटची किल्ली माझ्या खिशात. या अख्ख्या देशात मला हक्काने खणता येईल अशी तेवढीच जमीन होती. आणि तीसुद्धा दुसऱ्याची.

सुवर्णा : खोल खणलंत ना?

मोरेश्वर : कमरेएवढं. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. आणि सोमवारी रोलरवाल्याला म्हटलं, हा कोपरा सोड, इथे हाताने दाबून घेऊ. त्याने विचारलं का, तर सांगितलं ड्रेनेज. त्याने मान डोलावली. ड्रेनेज म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही.

सुवर्णा : पहिल्या मॅचला मी तीन महिन्यांची ओली जखम घेऊन बसले होते इथे. तुम्हाला काही कळत नव्हतं, मलाही नव्हतं. तुम्ही सारखे म्हणत होतात, अमेरिकन खेळात बॉल चार वेळा पुढे ढकलायला मिळतं, यांना तीनदाच.

मोरेश्वर : काहीतरी बोलायचं म्हणून बोलत होतो. आपल्या टोकाला कुणी बॉल घेऊन पळत यायला लागला की तू माझा हात इतका दाबायचीस की बोटं पांढरी पडायची. सगळं स्टेडियम उठून ओरडायचं आणि तू डोळे मिटून घ्यायचीस. शहरातल्या मराठी मंडळातले अजून मला फुटबॉलकाका म्हणतात. एवढा नाद कुणाला लागला नाही म्हणे. टीम गेली तरी शाळेच्या मॅचेसना दर शुक्रवारी दोघं हजर, तीही याच टोकाला, जिथून धड काही दिसत नाही.

सुवर्णा : हसायचे लोक.

मोरेश्वर : हसू देत. तो बघ, हेल्मेटवाला पोरगा इकडेच येतोय. आता सांगेल, इथे बसू नका.

प्रथमेश : नमस्कार. सॉरी हं, तुम्ही मराठी बोलून राहिले म्हणून थांबलो. या गावात महिन्याभरात पहिल्यांदा कानावर पडली.

सुवर्णा : अरे, तू आपल्याकडचा? बस ना. कुठला तू?

प्रथमेश : नागपूर, काकू. प्रथमेश. एमएस स्टेट कॉलेज गावच्या युनिव्हर्सिटीत केलं, आता या कंपनीत साइट इंजिनिअर आहो. हे स्टेडियम पाडायचं काम आमच्याकडेच आहे. तुम्ही पण खुर्ची घ्यायला आले का?

मोरेश्वर : आम्ही बसायला आलो. उद्यापासून बसता येणार नाही ना.

प्रथमेश : खरं आहे काका. सोमवारी ते स्टँड सगळे खाली. इथे डेटा सेंटर होऊन राहिलं.

मोरेश्वर : माझी मुलगी व्हर्जिनियात त्याच धंद्यात आहे. जिथे बघावं तिथे तेच. सगळं साठवून ठेवायचं म्हणे, काही विसरायचं नाही. आणि तो स्पीकरवरचा बघ, एक अख्खं वर्ष विसरला.

प्रथमेश : कोणतं वर्ष, काका?

मोरेश्वर : कॅनेडियन फुटबॉलचं. तुला तुझ्या कंपनीने सांगितलं का, हा कोपरा इतका बाहेर का गेलाय? स्टँड तिथे अर्धवट का तुटल्यासारखा दिसतो?

प्रथमेश : नाही बा. मला वाटलं वादळात पडला असेल.

मोरेश्वर : मी पाडला. म्हणजे आम्ही. तू आत्ता जे काम करतोस, ते मी तुझ्या वयाचा असताना इथेच करत होतो. मेयरला वाटलं, प्रोफेशनल टीम आली की गावाचं नशीब उघडेल. बँड, आतषबाजी, रस्त्यात कमानी. पहिल्या मॅचला स्टेडियम भरलं. नंतर लोकांना तो खेळ आपलाही वाटेना आणि परकाही वाटेना. शेवटी शेवटी इतके कमी प्रेक्षक असायचे की खेळाडूंचं एकमेकांना बोललेलं आम्हाला ऐकू यायचं. हिवाळ्यात टीम गेली, कंपनी गेली, माझी नोकरी गेली. मी कॉम्प्युटरचे क्लास लावले आणि पुढचं सगळं आयुष्य एका इन्शुरन्स कंपनीचे प्रोग्राम दुरुस्त करत काढलं.

प्रथमेश : म्हणजे तुम्ही बांधलेलं मी पाडून राहिलो.

सुवर्णा : तुझा काय दोष त्यात? बाळा, एक काम होतं. त्या जाळीच्या आतली, अगदी टोकाच्या कोपऱ्यातली, मूठभर माती देशील का मला? या डब्यात.

प्रथमेश : काकू, मैदानातलं गवत देऊ का? छान हिरवं आहे. आत्ता आणतो.

सुवर्णा : नको. तिथलीच. त्या लाल ट्रॅकच्या खालची.

प्रथमेश : त्या कोपऱ्यातली? तिथे तर आम्ही परवाच खड्डा घेऊन पाहिला. तिथे तर...

मोरेश्वर : सुवर्णा, त्या तंबूत लिंबूपाणी देतायत. घेऊन ये ना. या पोरालाही आण, घामाने निथळतोय.

सुवर्णा : आत्ता?

मोरेश्वर : घसा सुकलाय माझा.

सुवर्णा : आणते. डबा इथे ठेवते. प्रथमेश, तू जाऊ नकोस हं.

(सुवर्णा तंबूकडे जाते. मोरेश्वर ती रांगेत उभी राहीपर्यंत थांबतो.)

मोरेश्वर : तिथे तर काय? बोल आता.

प्रथमेश : काका, तुम्ही तर एकदम घाबरल्यासारखे दिसून राहिले.

मोरेश्वर : मी इंजिनिअर आहे. तू 'तिथे तर' म्हणालास तेव्हा तुझा चेहरा पाहिला मी. खड्ड्यात काय निघालं?

प्रथमेश : काहीच नाही निघालं. तोच तर प्रॉब्लेम आहे. वर ट्रॅकचं रबर, त्याखाली डांबर, त्याखाली खडी. खडीच्या खाली तुटकं काँक्रीट, विटा, लोखंडाचे तुकडे, असा भरलेला माल. माझ्या डोक्याच्या वर खोल गेलो, माती लागलीच नाही.

मोरेश्वर : मी भरली होती तिथे माती. चांगली, काळी. नदीकडची. मी स्वतः उभा राहून ट्रक रिकामे करून घेतले होते.

प्रथमेश : असेल काका. पण ट्रॅक टाकताना काढून नेली असणार. त्या मातीवर डांबर बसत नाही, हलते. कोणीही असता तर आधी ती खरवडून उचलली असती. मी पण उचलली असती.

मोरेश्वर : मी पण. हो. मी पण तेच केलं असतं. शाळेतल्या पोराला सुचेल इतकी सोपी गोष्ट. आणि मला इतक्या वर्षांत एकदाही सुचली नाही. मी इंजिनिअर म्हणवतो स्वतःला आणि समजत होतो, की त्यांनी वरून ट्रॅक अंथरला, खाली सगळं जसंच्या तसं.

प्रथमेश : काका, बसा तुम्ही. पाणी देऊ का?

मोरेश्वर : कुठे नेली असेल?

प्रथमेश : आता कोण सांगेल? जिथे भराव लागत असेल तिथे. खड्डे बुजवायला, रस्त्याला.

मोरेश्वर : त्या वर्षी हायवेचा पूल होत होता. त्याच्या चढाला डोंगरभर भराव लागला होता. त्या पुलावरून मी रोज ऑफिसला गेलो रे. रोज. जाताना आणि येताना. रेडिओ लावून.

प्रथमेश : तिथेच गेली असेल असं काही नाही, काका. पण त्या मातीत होतं काय? तुम्ही लोकांनी काही पुरलं होतं का? ते टाइम कॅप्सूल असते तसं?

मोरेश्वर : हो. तसंच समज.

प्रथमेश : काय ठेवलं होतं?

मोरेश्वर : आमचं पहिलं.

प्रथमेश : पहिलं काय?

मोरेश्वर : पहिलं, रे. रुहीच्या आधीचं.

प्रथमेश : काका, सॉरी. मला कळलंच नाही. मी काय काय बोलून गेलो.

मोरेश्वर : तू काहीच चुकीचं बोलला नाहीस. तू खड्डा घेतलास आणि त्यात जे होतं ते सांगितलंस. हे बघ, ती रांगेत तिसरी आहे, वेळ नाही. तू एक कर. हा डबा घे, जाळीच्या मागे जा, तिला दिसणार नाहीस असा. कुठलीही माती भर. आणि ये आणि सांग, तिथलीच आहे.

प्रथमेश : नाही काका. हे मला नाही जमणार.

मोरेश्वर : का नाही जमणार?

प्रथमेश : अशा गोष्टीत खोटं? माझ्या आईएवढ्या आहेत त्या. मी गवत देतो, खुर्ची देतो, दोन खुर्च्या देतो. हे नको.

मोरेश्वर : मग तू सांगतोस का तिला? मी उठून जातो त्या तंबूमागे आणि तू सांग. सांग, काकू, तुम्ही इतकी वर्षं दर शुक्रवारी जिथे डोळे लावून बसलात, तिथे विटांचे तुकडे आहेत. सांगतोस?

प्रथमेश : मला नाही सांगता येणार, काका.

मोरेश्वर : मलाही नाही सांगता यायचं. मी त्या दिवशीही तिला काही सांगू शकलो नव्हतो. मुलगा होता की मुलगी, ते नर्सला विचारायचं धाडससुद्धा झालं नाही. मला फक्त खणता येत होतं, ते मी केलं. आणि आता तेवढंही केलेलं नाही असं ठरलं.

प्रथमेश : असं नका म्हणू, काका.

मोरेश्वर : तिला काहीतरी हातात घेऊन इथून निघायचंय, प्रथमेश. रिकाम्या डब्याने ती जिना उतरणार नाही. जा. झाडाखालची घे, मऊ असेल.

प्रथमेश : द्या इकडे. पण तुम्ही मला काही विचारू नका पुढे.

मोरेश्वर : नाही विचारणार. आणि तुला एक सांगून ठेवतो. साइटवर काम कर, पण जीव लावू नकोस. आपल्याला वाटतं आपण उभं केलं म्हणजे आपलं झालं.

प्रथमेश : मी तर पाडायलाच आलो, काका.

मोरेश्वर : तेच बरं. जा लवकर.

सुवर्णा : हे काय? प्रथमेश कुठे गेला? त्याचा ग्लास आणला मी.

मोरेश्वर : डबा घेऊन गेलाय आत. परवानगी काढतो म्हणाला.

सुवर्णा : मिळेल?

मोरेश्वर : मिळेल. पोरगा हुशार आहे.

सुवर्णा : तुम्ही असे का बसलायत? चेहरा कसा झालाय. ऊन लागलं का?

मोरेश्वर : ऊनच आहे.

सुवर्णा : घ्या लिंबूपाणी. आता मागवलंत तर प्या.

मोरेश्वर : पितो.

सुवर्णा : ऐका, त्या स्पीकरवाल्याचं संपलं. टाळ्या वाजवतायत. झाला म्हणे इतिहास.

मोरेश्वर : झाला.

प्रथमेश : काकू, हे घ्या. झाकण घट्ट लावलंय.

सुवर्णा : आणलीस? जाळीच्या आतली?

प्रथमेश : हो काकू.

सुवर्णा : टोकाच्या कोपऱ्यातली?

प्रथमेश : हो. तिथलीच आहे.

सुवर्णा : तुझे फार उपकार झाले. वर बघ ना जरा. किती सुकलायस. जेवणाचं काय करतोस इथे?

प्रथमेश : होऊन जाते काहीतरी. इंडियन किराणा आणायला दोन तास ड्राइव्ह करावं लागते, म्हणून मग सँडविच.

सुवर्णा : हे लाडू घे. बेसनाचे आहेत. सगळेच घे, आम्हाला दोघांना शुगर आहे. आणि आईला फोन करतोस ना?

प्रथमेश : करतो काकू. आज करतो.

सुवर्णा : कर. चला हो, निघू या. पाय दुखायला लागले माझे. येतो रे, बाळा.

प्रथमेश : सांभाळून जा, काकू. काका, मी... चला, येतो.

मोरेश्वर : ये. सोमवारी डोक्यावर हेल्मेट ठेव नीट.

सुवर्णा : अहो, गाडी कुठे लावली होतीत?

मोरेश्वर : त्या झाडापाशी. डबा दे माझ्याकडे, जड आहे.

सुवर्णा : असू दे. माझ्याकडेच बरा आहे.

मोरेश्वर : बस. एसी लावू?

सुवर्णा : लावा. पण निघू नका एवढ्यात. मला जरा बसू दे.

मोरेश्वर : झालं ना तुझ्या मनासारखं?

सुवर्णा : पोरगा गुणी आहे. खोटं बोलायची सवय नाही त्याला. मान वर करेना.

मोरेश्वर : म्हणजे काय?

सुवर्णा : चालता चालता झाकण काढून बघितलं मी. आता तुम्ही बघा.

मोरेश्वर : माती आहे.

सुवर्णा : आणि त्यात काय आहे?

मोरेश्वर : सिगरेटचं थोटूक.

सुवर्णा : ट्रॅकच्या खाली बसून कोण सिगरेट ओढत होतं? या झाडाखालची आहे ती. ही बघा, हीच पिवळी वाळू. आणि लिंबूपाणी तुम्हाला जन्मात आवडलं नाही. मला कशाला पाठवलंत ते तिथेच कळलं होतं.

मोरेश्वर : त्याला काही बोलू नकोस. त्याची चूक नाही, मी करायला लावलं. सुवर्णा, तिथे माती नव्हतीच ग. त्यांनी खणून पाहिलं. खाली नुसता...

सुवर्णा : माहीत आहे.

मोरेश्वर : काय माहीत आहे तुला?

सुवर्णा : तिथे काही नाही ते. ट्रॅक टाकला तेव्हाच नेलं.

मोरेश्वर : तुला कुणी सांगितलं?

सुवर्णा : कोण सांगणार? मी बघितलं. रुही वर्षाची होती. तुमची नवी नोकरी, तुम्ही ट्रेनिंगला बाहेरगावी गेला होतात. दुपारी तिला गाडीत घालून इथे चक्कर मारायची माझी सवय होती. त्या दिवशी बघते तर गेट उघडं आणि आपल्या कोपऱ्यात पिवळं मशीन. भराभर उचलत होतं आणि ट्रकमध्ये टाकत होतं. काळी माती.

मोरेश्वर : मग?

सुवर्णा : एक ट्रक भरून निघाला. मला काही सुचेना. गाडी घातली त्याच्या मागे. लायसन्स नुकतंच मिळालं होतं. रुही मागे रडत होती. मनात म्हटलं, कुठे ओततायत ते तरी बघू, म्हणजे जागा कळेल. नदीकडच्या फाट्यापर्यंत गेले मी.

मोरेश्वर : आणि?

सुवर्णा : तो ट्रक पुढे गेला आणि सिग्नल लाल झाला.

मोरेश्वर : आणि तू?

सुवर्णा : मी थांबले.

मोरेश्वर : अग, रस्त्यावर कुणी नसेल त्या वेळी.

सुवर्णा : कुणी नव्हतं. एक गाडी नव्हती. पण तुम्हीच म्हणायचात ना, एक तिकीट मिळालं तर रेकॉर्डवर जातं, व्हिसाला अडचण येईल, काही झालं तरी सिग्नल तोडू नकोस. मी नाही तोडला. लाल संपून हिरवा होईपर्यंत बसून राहिले. मग गेले पुढे, तर तिथे तीन रस्ते फुटत होते.

मोरेश्वर : सुवर्णा.

सुवर्णा : तिन्ही रस्त्यांवर थोडं थोडं जाऊन आले. मग रुहीची दुधाची वेळ झाली, म्हणून घरी आले.

मोरेश्वर : आणि मला एका शब्दाने नाही सांगितलंस? इतकी वर्षं?

सुवर्णा : काय सांगू? तुम्ही हाताने खणलं होतंत. तळहाताला फोड आले होते, ते मी बघितले होते. शुक्रवारी इथे येऊन बसलात की तुम्ही जरा शांत व्हायचात. तेवढी एक संध्याकाळ घरात ओरडायचा नाहीत. म्हटलं, यांचं तरी राहू दे.

मोरेश्वर : मी तुझ्यासाठी येत होतो. मला तो खेळ अजून कळत नाही.

सुवर्णा : मलाही नाही कळत.

मोरेश्वर : मग आज माती कशाला मागितलीस? डबा घासून आणलास, त्या पोराला कामाला लावलंस. तिथे काही नाही हे माहीत असून?

सुवर्णा : वाटलं, एखादी मूठ राहिली असेल. कडेला, भिंतीच्या बुडाशी. मशीन काही सगळं उचलत नाही. रात्रभर तेवढंच मनात येत होतं. तो खड्ड्याचं बोलायला लागला आणि तुम्ही मला पाठवलंत, तेव्हा तेही गेलं.

मोरेश्वर : ही टाकून देऊ का झाडाखाली?

सुवर्णा : नको. राहू दे. थोटूक काढून टाका फक्त.

मोरेश्वर : काढलं. दर शुक्रवारी, सुवर्णा. पावसात, थंडीत ब्लँकेट घेऊन. काही नाही हे माहीत असलेल्या जागेकडे बघत तू माझ्या शेजारी बसायचीस. कशी बसलीस ग?

सुवर्णा : मग दुसरीकडे कुठे जाऊन बसणार होते?